डिरेक्टरीत जाहिरात द्यायचीय? डीटीपीवाल्याकडे जाण्याआधी एवढं करा

बाजारपेठेत दुकान असलं की वर्षातून दोन-तीनदा कुणी ना कुणी रेटकार्ड घेऊन काउंटरशी उभा राहतोच. व्यापारी संघटनेची डिरेक्टरी, समाजाची डिरेक्टरी, तालुक्याची डिरेक्टरी, शिवाय एखादी खासगी. ती काढायला कुणाची आडकाठी नाही. टाटा प्रेसच्या यलो पेजेसवरून एमटीएनएलशी खटला झाला, तेव्हा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्ती आहे आणि जाहिरातींचं पुस्तक छापायला टेलिफोन कंपनीची परवानगी लागत नाही. त्यामुळे पुस्तकं पुष्कळ निघतात, उघडली मोजकीच जातात. पावती फाडू देण्याआधी मागच्या वर्षीचा अंक मागून घ्या, आसपासच्या चार दुकानांत चौकशी करा. अंक खिळ्याला अडकवलेला दिसला तर पुढचं बोला. रद्दीत गेला असेल तर चहा पाजून पाठवणी करा.

डिरेक्टरी कुणी करमणूक म्हणून चाळत नाही. समजा, तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पान उघडणाऱ्याची मोटार जळलेली आहे, ऊस वाळतोय, आणि त्या पानावरच्या पाच-सहा जणांपैकी फोन कुणाला लावायचा एवढंच त्याला ठरवायचंय. गरज त्याच्याकडे आधीच आहे, ती तुम्ही निर्माण करायची नाही. त्याच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या चौकटीआधी तुमच्या चौकटीत सापडलं पाहिजे. पुढची सगळी तयारी त्यासाठी.

म्हणून पहिल्यांदा विभाग ठरवा, डिझाइन नंतर. ‘इलेक्ट्रिकल्स’मध्ये गेलात तर बल्ब-वायरवाल्यांच्या गर्दीत हरवाल, ‘मोटार’खाली गेलात तर शेजारी गॅरेजवाले येतील आणि लोक क्लच प्लेटसाठी फोन करतील. ‘पंप दुरुस्ती’ किंवा ‘रिवाइंडिंग’ असा विभाग आहे का, नसेल तर सुरू करतील का, ते विचारा. मोठी जाहिरात एका विभागात आणि दुसऱ्या विभागात नुसती एका ओळीची नोंद, हा सौदा बहुतेक वेळा स्वस्तात पटतो. विभागात क्रम अकारविल्हे लागतो की जाहिरातीच्या आकाराने, तेही आधीच कळू द्या. अकारविल्हे असेल तर नावाआधीच्या ‘श्री’मुळे तुम्ही थेट श च्या रांगेत जाता, आणि तिथे अर्धा तालुका उभा असतो.

मजकुरासाठी आठवडाभर फोनशेजारी वही ठेवा. लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा: सबमर्सिबल करता की फक्त ओपनवेल? किती एचपीपर्यंत? बोअरमधून मोटार काढायला तुमची माणसं येतात का? रविवारी चालू असतं का? हीच तुमची जाहिरात. सगळ्यांत मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव नको, काम हवं: ‘सबमर्सिबल मोटार रिवाइंडिंग, ३ ते १५ एचपी’. खाली ‘बोअरमधून मोटार काढणे-सोडणे, माणसं व गाडी आमची’. मग नाव, मग पत्ता. ‘आमचे येथे सर्व प्रकारची कामे खात्रीशीर व माफक दरात’ ही ओळ पानावरच्या सहाही जणांनी दिलेली असते, तिची जागा मोकळी करा. ‘एक वेळ अवश्य भेट द्या’ हेही काढा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ला मात्र मी हसत नाही. पुढच्या गल्लीत त्याच नावाचं दुसरं दुकान असेल तर ती ओळ पैसे वसूल करते. देवाचं नाव वर बारीक अक्षरात असू द्या. पण गणपती, कुलदैवत आणि वडिलांचा हार घातलेला फोटो एवढं सगळं पाव पानात बसवलं तर मोटारीला जागा उरत नाही.

दर छापू नका. रिवाइंडिंगला लागणाऱ्या तांब्याच्या तारेचा भाव हलतो आणि पुस्तक वर्ष-दोन वर्षं टिकतं. ‘२४ तासांत’ असं लिहायचा मोह होतो, पण एप्रिल-मेमध्ये दुकानात मोटारींची रांग लागते तेव्हा ते पाळता येईल का, ते बघा. पंप कंपनीचा लोगो अधिकृत डीलर असाल तरच टाका. असाल तर कंपनीला विचारा, काही कंपन्या जाहिरातीच्या खर्चातला वाटा उचलतात.

नंबर एकच मोठा द्या, आणि तो मालकाचा किंवा दुकानाचा, कामावरच्या पोराचा नको. पोरगा सोडून गेला की नंबरही गेला. आकडे इंग्रजी घ्या, पाच-पाचच्या दोन गटांत. हलक्या कागदावर शाई पसरली की मराठी १ आणि ९ ओळखू येत नाहीत. पत्त्यात सर्व्हे नंबर गाळला तरी चालेल, ‘एसटी स्टँडमागे, पाण्याच्या टाकीसमोर’ हे गाळू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी चालू की बंद, तेही लिहा, कारण खेड्यावरचा माणूस त्याच दिवशी गावात येतो.

आता छपाईचं. ‘पाव पान’ एवढ्यावर डीटीपी सुरू करू नका, माप मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. ए-५ पुस्तकात पाव पान उभं असेल तर साधारण ५८ बाय ८८ निघतं, आडवी पट्टी असेल तर हिशेबच वेगळा. आतली पानं एकरंगी आहेत का, ते बघा. तशी असतील तर रंगीत डिझाइन स्क्रीनवर पाहून खूश होण्यात अर्थ नाही, काळ्यातच करून मागा. गडद पट्टीवर बारीक पांढरी अक्षरं नकोत, शाईने भरतात, आणि आपल्या लिपीत आधी मात्रा-उकार बुजतात. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ५ सेंटीमीटर रुंद छापायचा तर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, सुमारे ६०० पिक्सेल लागतात. क्यूआर कोड टाकणार असाल तर किमान २ सेंटीमीटर, काळा, पांढऱ्यावर, चारी बाजूंना मोकळी जागा ठेवून. फुकटच्या साइटवरून केलेले काही कोड मुदत संपली की बंद पडतात, तेव्हा तो थेट नकाशाच्या लिंकचा असू द्या.

फाइल श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली असेल आणि प्रेसकडे तो फॉन्ट नसेल तर तिथे ती गिचमिड होऊन उघडते. त्यामुळे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पीडीएफ द्या आणि कर्व्ह न केलेली मूळ कोरलड्रॉची फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा. पुढच्या वर्षी त्याशिवाय एक अक्षरही बदलता येत नाही.

पैशाचं बोलताना जीएसटी विचारा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के लागतो म्हणून इथेही तेवढाच धरू नका. छापील माध्यमाच्या व्याख्येतून व्यापारी डिरेक्टऱ्या आणि यलो पेजेस वगळलेली आहेत, तिथे १८ टक्के. किती प्रती, कुणाला, कधी वाटणार, हे पावतीवरच लिहून घ्या आणि निम्मे पैसे अंक हातात आल्यावर द्या.

प्रूफ कागदावर, खऱ्या मापात मागा. त्यावरचा नंबर वाचू नका, त्यावरून फोन लावा. कोडही त्याच कागदावरून स्कॅन करा. ‘र्‍या’ आणि जोडाक्षरं तुटलीत का ते घरातल्या कुणाला तरी दाखवा, स्वतःचा मजकूर डोळे आपोआप नीट वाचतात. मग प्रूफवर सही आणि तारीख घालून एक प्रत ठेवून घ्या. अंक आल्यापासून नवा गिऱ्हाईक आला की ‘नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारायचं आणि वहीत ‘डि’ मांडायचं. पुढच्या वर्षी रेटकार्डवाला आला की आधी ती वही काढा.