ऊसतोड टोळीची मुलं शाळेत बसवायची तर

दिवाळीनंतर गाळप जोरात असतं, तेव्हा कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडीकडच्या फडांशेजारी पालं पडलेली असतात. शाळेच्या पटावर मात्र गावची भरती पूर्ण! टोळीची मुलं गावच्या यादीतच नसतात, मग गळतीत तरी कशी दिसणार?

एसडीएमसीनं, म्हणजे शाळेच्या पालक समितीनं, पालांवर संध्याकाळी सातनंतर जावं. टोळी पहाटेच फडात जाते, सकाळी भेटतात ती फक्त पोरं. टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचाराल तर तो कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, मोजून सांगेल, मुलं नव्हे. म्हणून प्रत्येक पालात वहीत लिहून घ्या: नाव, वय, शेवटची इयत्ता, माध्यम, परत कधी जाणार, आणि घरी तान्हं कोण सांभाळतं. या शेवटच्या प्रश्नातच सगळी मेख आहे. नऊ वर्षांची थोरली काखेत भावाला घेऊन बसलेली असते. आधी त्या भावाची सोय करा: तिनाच्या वरचा असला तर अंगणवाडी, तान्हा असला तर पंचायतीचं पाळणाघर, 'कूसिन मने', चालू आहे का ते बघा. नाहीतर ती चार दिवस येईल, पाचव्या दिवशी नाही.

जन्मदाखला नाही, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी तसं स्पष्ट सांगतो. वर्षाच्या मध्ये आलं तरी प्रवेश द्यायचाच. टीसीसाठी आईला बीडला धाडू नका, मुख्याध्यापकांनी जुन्या शाळेला फोन करावा. वर्ग वयाप्रमाणे द्या. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं की लाजेनं ते आठवड्यात पळतं; पाचवीत बसवून रोज दोन तास वाचन-गणिताची वेगळी तयारी घ्या.

मराठी शाळा की कानडी, यावर दोन्हीकडचे गुरुजी ओढाताण करतात, कारण पट घटला की शिक्षकाची जागा जाते. मूल आधी ज्या माध्यमात शिकलंय तेच धरा. विजापूरकडच्या टोळीतलं मूल घरी लमाणी (बंजारा बोली) बोलत असेल, तेही विचारा.

टोळी उठायच्या आठवडाभर आधी किती दिवस हजर, कोणता धडा झाला, एवढं एका कागदावर लिहून टीसीसोबत आईच्या हातात द्या. पट टिकावा म्हणून नाव अडकवून ठेवू नका. पुढच्या शाळेत ते मूल नवं ठरतं, तुमच्याकडे कायमचं गैरहजर.