साइटवर पिना किती?

कंपाउंड धनुष्यासाठी, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यासाठी, साइट (नेम धरायला धनुष्यावर बसवायची चौकट) घेताना पाच-सात पिनांची, म्हणजे नेमाच्या ठिपक्यांची, घ्यावीशी वाटते. आधी स्वतःला एकच विचारा: मी खरोखर किती लांबून बाण मारतो?

अंतर ठरलेलं असेल, म्हणजे इनडोअर स्पर्धेचं १८ मीटर किंवा कंपाउंड स्पर्धेचं ५० मीटर, तर वरखाली सरकणारी एकच पिन पुरे. समोरचं चित्र मोकळं राहतं, कुठली पिन धरायची हा प्रश्नच उरत नाही. पण लक्ष्य पुढेमागे होणार असेल आणि साइट फिरवायला वेळ नसेल, तर २०, ३० आणि ४० यार्डांच्या तीन स्थिर पिना बऱ्या. पंचवीस यार्डांवर मग दोन पिनांच्या मधोमध नेम धरायचा. सोपं वाटतं, पण सराव लागतोच.

बाणाचा वेगही बघा. बाण वेगवान असेल तर त्याची वाट सपाट असते, त्यामुळे पिना एकमेकींना खेटून बसतात. पाच पिना, त्याही जाड, म्हणजे लांबचं लक्ष्य जवळजवळ झाकलंच जातं. तिथे बारीक पिना घ्या. धनुष्य मंद असेल तर पिनांमध्ये अंतर जास्त पडतं, आणि शेवटची पिन कधीकधी साइटच्या चौकटीतच मावत नाही.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने तीनवर थांबावं. घाईत भलतीच पिन धरली जाते, आणि ती चूक बाण सुटल्यावरच कळते. तिन्ही पिनांना वेगवेगळे रंग मात्र हवेतच.