पानशेतचा पूर पंधरा मिनिटांत कसा सांगावा

सोसायटीच्या गणेशोत्सवात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात इतिहासाचा कार्यक्रम असला की बहुतेक वक्ते पार्श्वभूमीपासून सुरुवात करतात. पानशेतवर बोलायचं तर धरणाला मंजुरी कधी मिळाली, उंची किती, खर्च किती. तिसऱ्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात. ही माहिती टाकाऊ नाही, पण ती फार लवकर येते. श्रोत्याला आधी कुणाची तरी काळजी वाटू द्या. मग धरणाची उंची तो स्वतःच विचारेल.

पुण्यातला १२ जुलै १९६१ हा दिवस उदाहरणासाठी घेऊ. तो पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्यामुळे इथे सैल बोलून चालत नाही.

एकच प्रश्न ठरवा

‘पानशेतचा पूर’ हा विषय झाला. गोष्ट होण्यासाठी त्यातून एक प्रश्न काढावा लागतो. आंबी नदीवरचं पानशेत धरण सकाळी फुटलं. ते पाणी मुठेतून खडकवासल्याला आलं आणि तिथलं ब्रिटिशकालीन दगडी धरण दुपारी फुटलं. मधल्या काही तासांत नदीकाठच्या पेठांमधली माणसं काय करत होती? हा प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहा. त्याला उत्तर न देणारं प्रत्येक वाक्य, कितीही आवडलं तरी, बाजूला ठेवा. चौकशी आयोग, राजकारण, जबाबदारी कुणाची, हा सगळा वेगळ्या व्याख्यानाचा ऐवज आहे.

साहित्य जमवताना तीन ढीग करा

पहिला ढीग कागदाचा: त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, छायाचित्रं. जुन्या ग्रंथालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतात. १३ जुलैपासूनचे आठ-दहा अंक ओळीने वाचा. फक्त मोठे मथळे पाहू नका. छोट्या जाहिराती, हरवलेल्या माणसांच्या सूचना आणि मदत केंद्रांचे पत्ते यांत गोष्टीचा जीव असतो.

दुसरा ढीग आठवणींचा. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की ‘फार भयंकर होतं हो’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा: पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं? घराबाहेर पडताना हातात काय घेतलं? रात्री कुणाकडे झोपलात? प्यायचं पाणी कुठून आणलंत? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शहराला पाणी खडकवासल्याहून यायचं, त्यामुळे ते धरण गेल्यावर नळही गेले. मुलाखत पाऊण तासापेक्षा लांबवू नका आणि ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या.

आठवणीत एक चूक हमखास सापडते. अनेकांच्या सांगण्यात दोन्ही धरणं एकत्र होतात: ‘पानशेत फुटलं आणि लगेच पाणी घरात.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. इतक्या वर्षांत मधले तास मिटून जातात. त्याला समोरासमोर खोडू नका. वेळा कागदावरून घ्या आणि घरातले तपशील त्याच्याकडून.

तिसरा ढीग ऐकीव गोष्टींचा. यातली एखादीच वापरा, तीही ‘असं सांगतात’ हे शब्द जोडून. अख्ख्या भाषणात हे शब्द एकदाच यावेत. वारंवार आले तर श्रोत्यांचा खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो.

गोष्टीला घड्याळ लावा

पंधरा मिनिटांची विभागणी साधारण अशी ठेवा. पहिली दोन मिनिटं एका घरात: बुधवारची सकाळ, शाळा-ऑफिसची गडबड. पुढची तीन मिनिटं धरणावर. काम पूर्ण व्हायच्या आत पाणी साठलं होतं, मातीचा बांध खचू लागला होता आणि लष्कराचे जवान पोती रचून तो धरून ठेवायची धडपड करत होते. तांत्रिक भाग एवढाच पुरे. मग सहा मिनिटं शहरात. पाणी चढत होतं आणि पूर बघायला पुलांवर, घाटांवर गर्दी होत होती. इथे घाई करू नका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. खडकवासल्यासाठी दोन मिनिटं. उरलेली दोन मिनिटं पुरानंतरच्या शहरासाठी: निसेन हट (पूरग्रस्तांसाठीची अर्धगोल छपराची घरं), गोखलेनगर, सहकारनगर. आपण ज्या वसाहतीवरून रोज जातो तिचं मूळ या पुरात आहे हे कळलं की सभागृहात हमखास कुजबुज होते. होऊ द्या.

पात्रं तीनपेक्षा जास्त नकोत. तारीख एकच पुरते. वर्षाचं भान द्यायला एक वाक्य बास: महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

संवाद रचू नका. ‘आई ओरडली, पळा!’ हे कुणी सांगितलं असेल तरच म्हणा. शिवकालाबद्दल असं रचलेलं वाक्य खपून जातं. इथे तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजी त्या वाड्यातल्या असू शकतात. मृतांच्या आकड्याचंही तसंच. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिले जातात. त्यातला सर्वांत मोठा उचलून टाळ्यांची जागा करणं हा मेलेल्या माणसांचा अपमान आहे. मतभेद आहे हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

लिहा, मग मोठ्याने वाचा

मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे पंधरा मिनिटांना साधारण सतराशे शब्द. त्याहून जास्त लिहिलं की वेग वाढतो आणि नेमका शहराचा भाग घाईत उरकला जातो. वाचताना जिथे धाप लागते तिथे वाक्य तोडा. ‘महाभयंकर’, ‘प्रलयंकारी’, ‘काळजाचा थरकाप’ हे शब्द काढून त्या जागी मापं ठेवा: कितवा जिना, कितवा मजला, किती तास.

नकाशा फळ्यावर काढा

प्रोजेक्टरपेक्षा खडू बरा. एक रेघ आंबीची, ती मुठेला मिळते, वाटेत खडकवासला, पुढे लकडी पूल आणि पेठा. बोलता बोलता काढला की श्रोते पाण्याबरोबर खाली सरकतात. छायाचित्रं तीन-चारच, तीही शहराचा भाग संपल्यावर दाखवा. आधी दाखवली तर डोळे तिथेच अडकतात. पार्श्वसंगीत अजिबात नको.

श्रोत्यांत तो पूर पाहिलेलं कुणी आहे का, हे कार्यक्रमाआधी संयोजकांना विचारून ठेवा. असेल तर त्यांना भाषणानंतर दहा मिनिटं द्या आणि तसं सुरुवातीलाच जाहीर करा, नाहीतर पाचव्या मिनिटाला आठवणी सुरू होतात आणि घड्याळ कोलमडतं. कुणाच्या घरचं माणूस त्या दिवशी गेलेलं असेल, तर त्यांना बोलायचा आग्रह करू नका. जे बोलतील त्यांचं नाव, तेव्हाचं वय आणि वाड्याचा पत्ता त्यांच्या संमतीने त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या.