रिजनल विमान कंपनीच्या करारावर सही करण्याआधी

दिवाळीत माझी पुतणी ३१ पानांचा करार घेऊन सातपूरच्या घरी आली. गोंदियाला प्रशिक्षण झालेलं, दीड वर्ष घरी बसून काढलेलं, आणि आता एका रिजनल (छोट्या शहरांना जोडणाऱ्या) विमान कंपनीत एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानावर फर्स्ट ऑफिसरची (सहवैमानिकाची) नोकरी चालून आलेली. फराळाचं ताट बाजूला सरकवून म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर ॲग्रीमेंटं वाचलीत. एवढं वाचून द्या, सोमवारी सही करायची आहे."

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात २८ वर्षं फिटर होतो, त्यातली १२ वर्षं युनियनचा सेक्रेटरी. विमानातलं मला काही कळत नाही. पण काम ठेकेदाराकडे कसं जातं, ते मी जवळून पाहिलंय. आम्ही दोघं तीन रात्री बसलो. नाशिकची आणखी मुलं-मुली या वाटेने जातायत, म्हणून आम्ही कसं वाचलं ते लिहून ठेवतो.

करार हातात आला की आधी पगाराच्या पानावर जाऊ नका. आधी मालक शोधा. विमानाच्या शेपटीवर एक नाव असतं, तिकिटावर कधी दुसरंच असतं, आणि तुमच्या नेमणूकपत्रावर तिसरं असू शकतं. ज्या कंपनीकडे त्या विमानाचं एअर ऑपरेटर सर्टिफिकेट (उड्डाणं चालवायचा सरकारी परवाना) आहे आणि जी तुमच्या खात्यात पगार टाकते, ती तुमची मालक. पुतणी म्हणाली, "नाव कुणाचंही असू दे ना, उडवणार तर मीच." तसं नसतं. अलायन्स एअर घ्या. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून ती सुरू झाली, पुढे वर्षानुवर्षं एअर इंडियाच्या घरातली म्हणून उडाली. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. कालपर्यंत एका घरातले लोक दोन वेगळ्या मालकांकडे गेले. म्हणून विचारा: मूळ कंपनी विकली गेली, विलीन झाली किंवा तिने आमची विमानं दुसऱ्याला दिली, तर माझी नोकरी आणि सिनिऑरिटी कुठे जाईल? उत्तर लेखी घ्या.

यानंतर मुख्य प्रश्न येतो: काम कुणाचं? अमेरिकेतल्या वैमानिकांच्या करारात यासाठी 'स्कोप' नावाचं कलम असतं. कंपनीच्या नावाने विकलेलं उड्डाण कंपनीच्याच यादीतले वैमानिक करतील. बाहेर द्यायचं तर इतक्याच आसनांचं, इतक्याच वजनाचं विमान. तिथल्या तीन बड्या कंपन्यांत आज ही रेघ ७६ आसनं आणि ८६,००० पौंडांवर आहे. ती एका दिवसात तिथे आली नाही. आधी पंख्याची छोटी विमानं बाहेर गेली. ती उडवण्यात मोठ्या कंपनीच्या वैमानिकांना रस नव्हता. नव्वदच्या दशकात ५० आसनांची जेट आली, तीही गेली. मग ७० आसनी, मग ७६. काही वेळा युनियननेच आपल्या सभासदांच्या सोयीसाठी ही रेघ वर सरकू दिली.

हे तिला समजावताना माझा आवाज अडखळला, कारण अशी रेघ मीही सरकवली आहे. १९९६ च्या वेतन करारात व्यवस्थापनाने कॅन्टीन आणि पॅकिंग ठेकेदाराला द्यायचा प्रस्ताव ठेवला. बदल्यात परमनंट कामगारांना चांगली वाढ. गेटसभेत टाळ्या पडल्या, मी सही केली. पुढच्या करारात पेंट शॉप गेलं, त्याच्या पुढच्या करारात असेंब्लीची अर्धी लाइन. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या मशीनवर माझ्या निम्म्या पगारात काम करणारा मुलगा उभा होता, आणि त्याला आमच्या युनियनचं सभासदत्वही घेता येत नव्हतं. तो आमच्या शेजारच्या गल्लीतलाच होता. जे टेबलावर नसतात त्यांच्या वाट्याचं काम देऊन टाकायला फार सोपं जातं. माझ्या पुतणीचा जन्म त्या सहीनंतरचा, आणि ती आज बरोबर त्या मुलाच्या जागी उभी आहे.

कोमएअरची हकीगत मी तिला दोनदा सांगितली. अमेरिकेतली ही छोटी कंपनी पूर्णपणे डेल्टा या बड्या विमान कंपनीच्या मालकीची, पण वैमानिकांची यादी वेगळी, पगार वेगळा. २००१ मध्ये त्यांनी ८९ दिवस संप केला आणि चांगला करार मिळवला. २०१२ मध्ये डेल्टाने कोमएअर बंद केली. छोट्या विमानांचं काम करायला इतर ठेकेदार कंपन्या होत्याच. पगार जिंकला तरी काम आपलं आहे असं कुठे लिहिलेलं नसेल, तर ते उचलून नेता येतं.

भारतात असं कलम सहसा नसतं, पण बाहेरून काम करून घेणं आहेच. इंडिगोने २०२३ मध्ये इस्तंबूलच्या मार्गासाठी टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ विमानं त्यांच्या वैमानिकांसकट भाड्याने घेतली. म्हणून करारात 'वेट लीज' (सगळ्या कर्मचाऱ्यांसकट भाड्याचं विमान), 'डॅम्प लीज' (काही कर्मचाऱ्यांसकट) हे शब्द शोधा. नसतील तर मुलाखतीत विचारा की भाड्याची विमानं आली तर आमचे तास कमी होणार का. दरमहा किमान किती तासांचे पैसे हमखास मिळतील, तो आकडा याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. मोठा दर आणि हमी शून्य, हे ठेकेदाराचं जुनं गणित.

बेसबद्दल, म्हणजे जिथून तुमची ड्युटी सुरू होते त्या शहराबद्दल, थोडक्यात. नाशिकला राहून ओझरच्या विमानतळावरून उडू, या आशेवर सही करू नका. छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत मार्गाला मिळणारी सरकारी मदत तीन वर्षांची. ओझरवर एअर डेक्कन २०१७ च्या डिसेंबरात आली आणि थांबली, ट्रूजेट आली आणि थांबली. मार्ग बंद पडला की बेस हलतो. बदलीचा खर्च आणि राहण्याची सोय कुणी करायची, ते वाचा.

बॉन्डच्या कलमाला आमची एक रात्र गेली. टाइप रेटिंगचा (त्या जातीचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचा) खर्च कंपनी करणार आणि तीन वर्षांच्या आत सोडलं तर सगळी रक्कम परत. दोन वर्षं अकरा महिने काम केलेल्याने पूर्ण रक्कम का भरायची? दर महिन्याला रक्कम कमी होत जाईल, आणि कंपनीने काढलं किंवा ती बंद पडली तर बॉन्ड संपेल, अशा दोन ओळी मागा. नोटिशीचा कालावधी मात्र करारापुरता नाही. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये तो फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष ठरवला. कंपनीने ना हरकत दिली तरच आधी सुटका.

'मोठ्या कंपनीत जाण्याची संधी' असं एखादं वाक्य दिसलं तर त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तीन गोष्टी शोधा: वर्षाला किती जागा, कोणत्या क्रमाने, आणि गेल्यावर सिनिऑरिटी कुठून मोजणार. यातलं एकही नसेल तर ती नुसती जाहिरात समजा. सिनिऑरिटीवरून काय पेटतं ते एअर इंडियात दिसलं. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. बोइंग ७८७ चं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्या वैमानिकांनाही देणार म्हणून २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या इंडियन पायलट्स गिल्डने ५८ दिवस संप केला. गिल्डची मान्यता गेली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. एकाच कंपनीतले दोन गट एकमेकांचं काम अडवत बसले आणि व्यवस्थापनाला वाट बघण्यापलीकडे काही करावं लागलं नाही.

युनियनमध्ये जायचं का, हे तिने शेवटी विचारलं. जा, पण नियम माहीत करून जा. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते. अंबड-सातपूरला आम्ही ज्या १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यावर मान्यता मिळवायचो, तो इथे चालत नाही. सात जण मिळून नोंदणीचा अर्ज करू शकतात. अट एवढीच की १० टक्के किंवा १०० कामगार, जे कमी असेल ते, सभासद हवेत. नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा हक्क ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला. आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संप धरला जातो. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी आपल्या दोन सहकाऱ्यांना काढलं म्हणून सामूहिक आजारपणाची रजा टाकली होती. आज कुणी व्हॉट्सॲपवर तसं सुचवलं तर आधी वकिलाला फोन करा.

सभासद झालात की पहिल्याच सभेत विचारा की आपल्या कंपनीतल्या कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी वैमानिकांना सभासद करून घेता का. उत्तर 'नाही' असेल तर ते बदलायच्या कामाला लागा.

पुतणीने सोमवारी सही केली नाही. ईमेलने सहा प्रश्न पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं: बॉन्ड दरमहा कमी होईल हे मान्य, किमान तासांचा आकडा लिहून दिला, कंपनी बंद पडल्यावरच्या बॉन्डबद्दल एक ओळ घातली. सिनिऑरिटीच्या प्रश्नाला उत्तर नाही. तिने सही केली, प्रत्येक पानाची प्रत माझ्या कपाटात ठेवली, आणि न मिळालेलं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलं.