भुसा आणि दुधाच्या पिशव्यांपासून हायड्रोजन कसा काढायचा

फायनल इयरला हा प्रोजेक्ट घेतलेली पोरं सगळा वेळ रिअ‍ॅक्टरच्या ड्रॉइंगवर घालवतात आणि कचरा मिळेल तो उचलतात. उलटं करा. भुसा वखारीतून आणा पण प्लायवूडचा नको, त्यातल्या गोंदामुळे गॅसमध्ये अमोनिया येतो. प्लास्टिक म्हणजे फक्त पॉलिथिन, दुधाच्या पिशव्या वगैरे. पीव्हीसी चुकूनही नको, वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतं त्यात, त्याचं अ‍ॅसिड होऊन पाइप सडतात आणि कॅटॅलिस्टही (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) मरतो. ओळखायचं कसं? तुकडे करून पाण्यात टाका, वर साबणाचा एक थेंब, पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तळाला जातं.

भुसा उन्हात चांगला वाळवा, ओलावा 15 टक्क्यांच्या खाली पाहिजे. कोरड्या लाकडात हायड्रोजन साधारण 6 टक्के आणि पॉलिथिनमध्ये 14, म्हणून प्लास्टिक जास्त घालायचा मोह होतो, आम्हालाही झाला, मग ते फीडरच्या (रिअ‍ॅक्टरमध्ये माल ढकलणाऱ्या) स्क्रूमध्येच वितळून बसलं आणि दोन दिवस छिन्नीने खरवडत होतो 😅 सुरुवात 10-20 टक्क्यांनी करा आणि स्क्रूच्या टोकाला पाण्याचं जॅकेट लावा.

रिअ‍ॅक्टर 800-850 डिग्रीला, आत हवा नाही तर वाफ सोडायची, हवेतला नायट्रोजन गॅस पातळ करतो. तापून भुशाचा कोळसा होतो, वाफ त्याच्याशी भिडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनतो, म्हणजे पाण्यातलाही हायड्रोजन मिळतो. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेने 1 किलो बायोमासमधून (लाकूड, भुसा वगैरे) 100 ग्रॅम काढलाय तो असाच, बायोमासमध्ये मुळात 60 ग्रॅमच होता. फक्त ही रिअ‍ॅक्शन उष्णता खाते, बाहेरून हीटर चालूच लागतो.

खरी डोकेदुखी टार, म्हणजे गॅससोबत येणारी डांबरासारखी चिकट वाफ. गॅस गरम असतानाच डोलोमाइट (चुनखडीसारखा दगड) किंवा निकेलच्या थरातून न्या, थंड झाला की पाइपात डांबर जमलंच. पुढे 350-400 डिग्रीला लोह-क्रोमियम कॅटॅलिस्टवर पुन्हा वाफ, मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन वाढतो. मग गॅस थंड करून पीएसएने (दाबाखाली बाकीचे गॅस शोषून धरणारी यंत्रणा) हायड्रोजन वेगळा करा.

हे घरी, गच्चीवर अजिबात नाही. मोनॉक्साइड विषारी आणि त्याला वास नसतो, हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के कितीही असला तरी पेटतो. अलार्म लावा, सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर नायट्रोजनने पूर्ण लाइन फ्लश करा, गाइड समोर हवेत.

आणि रिपोर्टमध्ये ग्रीन हायड्रोजन (खनिज इंधनाशिवाय बनवलेला) लिहू नका, पॉलिथिनमधला कार्बन खनिज तेलाचाच आहे, व्हायवाला एक्स्टर्नल तिथेच पकडतात.