मे महिना, घरात पाहुणे आणि "आज कुठे जायचं?" : रत्नागिरीत राहणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना सगळं सांगणारे ढिगाने आहेत, गणपतीपुळे करा, मोदक खा, परत जा. पण आपण जे इथेच राहतो, ज्यांच्याकडे परीक्षा संपल्या की भाचरं, नणंदा, दीर, एखादी आत्ये असा गोतावळा येऊन पडतो आणि रोज सकाळच्या चहाला "आज कुठे जायचं?" सुरू होतं, त्यांना कोणी काही सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. राहणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. आपल्याला एका दिवसात काही उरकायचं नसतं, त्यामुळे किती किलोमीटर हा प्रश्न दुसरा, किती वाजता हा पहिला.

आधी उन्हाचं. आपल्याकडे पारा ३४-३५ च्या आसपासच असतो, नागपूरकडचे पाहुणे पहिल्या दिवशी हसतात की हे काय ऊन, आणि दुसऱ्या दिवशी घामाने भिजून पंख्याखालून उठत नाहीत. तर सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी साडेचारपासून अंधार पडेपर्यंत एवढंच फिरायचं, मधला वेळ घरी. दोन्ही वेळा फिरायचा अट्टाहास पण नको, सकाळी गेलात तर संध्याकाळी अंगणात बसा. घरात म्हातारं माणूस आणि चार वर्षांचं पोर दोन्ही असेल तर ह्याला पर्याय नाही.

आता पाण्याचं, आणि हे नीट वाचा कारण सगळी गंमत ह्यातच आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघा, तिला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणून तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण, आणि त्याच्या सहा तास पुढे-मागे म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, सव्वा अकरा येतात. कृष्णपक्षात परत एकपासून मोजायचं. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण पोरांना घेऊन कधी निघायचं एवढं ठरवायला पुरतं. मासेवाल्या बायकांना हा हिशोब तोंडपाठ असतो, आणि ज्याला गुणाकार नको त्याने त्यांनाच विचारावं.

ह्यातून निघतं काय, तर अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की पुढचे तीन-चार दिवस समुद्रावर जायला सोन्यासारखे. ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पडते, शिवाय तेव्हा उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी आत पण खूप जातं आणि किनारा रुंद मोकळा मिळतो. अष्टमीच्या आसपास उलट, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी वर आलेलं आणि ओहोटी भर दुपारी बाराला, तेव्हा समुद्राचा नाद सोडायचा आणि ते दिवस किल्ले, कातळशिल्पं, देवळं ह्यांना ठेवायचे. मी तर सुट्टी सुरू व्हायच्या आधीच कॅलेंडरवर ह्या दिवसांना पेन्सिलने गोल करून ठेवते.

माझी नणंद वेल्समध्ये स्वान्सीला असते, तिची पोरं इथे आली की पहिला प्रश्न, मामी ओहोटी किती वाजता? मुंबईच्या भाचरांच्या हे डोक्यातच येत नाही. वेल्सच्या पोरांना सुचतं कारण त्यांच्याकडच्या ब्रिस्टल चॅनलच्या समुद्रात भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, चुकीच्या वेळी गेलं की पाणी कुठेतरी लांब आणि समोर नुसता ओला गाळ, त्यामुळे घरातून निघतानाच वेळ बघायची सवय. त्यांची दुसरी सवय मात्र इथे मोडावी लागते, तिकडे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, जेवूनखाऊन मग बीचवर जातात म्हणे. आपल्याकडे मे महिन्यात सातला सूर्य बुडला की लगेच काळोख, आणि आरेवारे किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवे शोधत बसू नका.

परदेशातून येणारे असतील तर अजून एक. वेल्समधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते ती ऑगस्ट संपेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे नुसता पाऊस, समुद्र खवळलेला, आंबा संपलेला. त्यापेक्षा त्यांना इस्टरच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत यायला सांगा, मार्च-एप्रिलमध्ये पडते ती. हापूस सुरू झालेला असतो आणि कासवांची पिल्लं पण सुटत असतात. त्यासाठी वेळासपर्यंत जायलाच हवं असं नाही, इथे गावखडीला ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, ती उचलून कुंपणात पुरून ठेवतात आणि साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. कधी सोडणार ते आदल्या दिवशी तिथल्या कासवमित्रांना विचारूनच निघा, कासव काही आपल्या वेळेवर येत नाही. आपल्या पोरांच्या परीक्षा तेव्हा असतात हे खरं, पण एक सकाळ बुडाली अभ्यासाची तर काही होत नाही.

ओहोटीला न्यायचं कुठे? गाडी नसेल तर भाट्ये सगळ्यात सोपं, शहराच्या बाहेर पूल ओलांडला की आलं, सुरूची झाडं आहेत सावलीला. गाडी असेल तर आरेवारे किंवा गणेशगुळे. तिथे गेल्यावर पोरांना लगेच पाण्यात सोडू नका, ओल्या वाळूवर उकिडवं बसायला लावा आणि गप्प राहायला सांगा. एक-दोन मिनिटं हललं नाही की बारीक बारीक खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घालतात, त्यातलं खायचं ते काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची साबुदाण्याएवढी गोळी करून मागे टाकतात, परत पुढची. बिळाभोवती त्या गोळ्यांची किरणांसारखी नक्षी झालेली असते, सबंध किनारा भरून. कोणी पाय आपटला की सगळे एकदम गायब. आमच्याकडचं मोबाईल सोडत नाही असं पोर ह्याच्यापुढे अर्धा तास बसलंय. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. गुडघ्याच्या वर पाणी नको, मोठ्यांना पण नको, आणि गणपतीपुळ्याला तर अजिबात नको, तिथे दरवर्षी माणसं बुडतात आणि बहुतेक बाहेरून आलेली असतात. पाणी ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे जोर लावून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं आणि ओढ संपली की मग बाहेर यायचं. पंधरा मेनंतर समुद्राचा रंग बदलायला लागतो, लाटा जाड होतात, तेव्हा वाळूवरूनच बघा.

एक अख्खी सकाळ काढणार असाल तर जयगडची फेरी. लोक ही गाडी पलीकडे न्यायचं साधन म्हणून बघतात पण पोरांना बोटच हवी असते हो, पलीकडे तवसाळला काय आहे त्याच्याशी त्यांना घेणं नाही. गाडी जयगडलाच लावा, चालत चढा, पलीकडे उतरा, परतीच्या बोटीने या, अगदी स्वस्तात अर्धी सकाळ जाते. गाडी घेऊन गेलात तर पुढे हेदवी आहे, दशभुजा गणपती आणि खाली समुद्रावर बामणघळ, म्हणजे कातळात पडलेली अरुंद भेग, तिच्यात लाट घुसली की पाणी उंच उडतं. ही मात्र भरतीला बघायची गोष्ट, ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. आणि कडेला जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच, खडक शेवाळाने गुळगुळीत असतात. जाता-येता मालगुंडला केशवसुतांचं स्मारक लागतं, तिथे थांबा, आजोबा खूश होतात आणि पोरांना सावली मिळते.

दक्षिणेकडे पावस, गणेशगुळे, पूर्णगड असं एका सकाळी होतं. पूर्णगड एवढासा किल्ला आहे, चढ म्हणजे काहीच नाही, गुडघेदुखीवाली माणसंही हळूहळू येतात, आणि समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलं की मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते ते सगळं समोर. रत्नदुर्गापेक्षा मला हा आवडतो, गर्दी नाही.

कातळशिल्पं बघायची तर उक्षीचा हत्ती. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आपली जी कातळशिल्पं गेली त्यात उक्षी आहे, कशेळी, बारसू, देवीहसोळ पण आहेत. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, झाड नाही, नऊनंतर कातळ तापतो आणि खालून चटके बसतात, त्यामुळे उजाडतानाच पोचा. तिरप्या उन्हात रेषा पण उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट. शिल्पावर पाय ठेवायचा नाही, रेषांमध्ये खडू भरायचा नाही, आणि पाहुण्यांतला कोणी तसं करत असेल तर वय-मान न बघता ओरडा.

ढगाळ दिवस असेल किंवा कोणी दुपारी घरात बसायला तयारच नसेल तर गावातलं बघा, जे आपण इथे राहून वर्षानुवर्षं बघत नाही. थिबा पॅलेस घ्या. थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, त्याला रत्नागिरीत आणून ठेवला आणि हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे बिचारा त्यात राहिला पाच-सहाच वर्षं, १९१६ मध्ये इथेच गेला. ही गोष्ट जायच्या आधी घरी सांगा, नाहीतर पोरांना ती नुसती जुनी इमारत. सोमवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं. टिळक आळीत टिळकांचं जन्मघर, झाडगावला मत्स्यालय, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे आणि लहान पोरांना त्याच्यापुढे दुसरं काही नको.

वार कुठला निवडायचा हे पण महत्त्वाचं आहे. शनिवार-रविवार किनारे आपण बाहेरच्यांना देऊन टाकायचे. आपण बुधवार-गुरुवार जायचं, कॅलेंडर उघडलंच आहे तर संकष्टी नाही ना तेवढं बघून घ्या. इथे राहण्याचा एवढा एक फायदा आहे आपल्याला, तो तरी घ्या.

गाडीत सगळे मावत नसतील तर एसटीची लाज बाळगू नका. बायकांना अर्धं तिकीट, १२ वर्षांपर्यंतच्या पोरांना अर्धं, ६५ च्या पुढच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढे फुकट, म्हणजे आमच्यासारख्या घरात पूर्ण तिकीट एखाद्या दिराचंच पडतं. आजीचं आधार कार्ड तेवढं पिशवीत टाका. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारायचं, बोर्डावर विसंबून राहायचं नाही.

डबा साधा ठेवा. घावने आणि चटणी, उकडलेली अंडी, काकडी. पाणी आपण समजतो त्याच्या दुप्पट लागतं. कोकमाचं आगळ एका छोट्या बाटलीत वेगळं न्या आणि तिथे पाणी, मीठ, साखर घालून ढवळा, घरून सरबत करून नेलं की गरम होतं आणि कोणी पीत नाही. एक जुनी चादर गाडीच्या सीटवर, पाच लिटरचा पाण्याचा कॅन फक्त पाय धुवायला.

आणि दुपारी घरी काय करायचं? साठं, म्हणजे आंबापोळी, घाला. पायरीचा नाहीतर रायवळचा रस गाळून, थोडी साखर घालून, ताटाला तुपाचा हात फिरवून पातळ ओता आणि उन्हात ठेवा, वर मलमलचा कपडा. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या थरावर दुसरा थर, असे तीन-चार. पोरांचं काम कावळे हाकलायचं, पाळ्या लावून द्या, आणि राखणदारच बोटाने कड सोलून खातोय हे गृहीत धरून दोन ताटं जास्त घाला. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवलंत तर मात्र जुने कपडे घाला, तो डाग जात नाही.

मालवणला मुक्कामाला जायचं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कूबा, सगळं बंद असतं, आणि दरवर्षी कोणीतरी २८ तारखेला जेटीवर उभं राहून फोन करतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, परतीचं पण त्याच दिवशी काढा. १ जूनपासून मासेमारीची बंदी, ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे पाहुण्यांना सुरमई-पापलेट घालायचं ते आधीच, आणि सुकट-बोंबील मेमध्येच भरून ठेवा, पावसाची पहिली सर आली की भाव विचारायची सोय राहत नाही.