लोह पोटात जातं, पण रक्तात पोचतं का?

डाळी, कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. फायटेट आणि पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली द्रव्यं त्याला आतड्यातच धरून ठेवतात. क जीवनसत्त्व ही पकड सैल करतं, पण ते त्याच जेवणात हवं. सकाळी संत्रं आणि रात्री डाळ, असं केलं तर लोहाला त्याचा उपयोग नाही.

ताटातली लिंबाची फोड यासाठी अपुरी पडते. अर्ध्या लिंबाच्या रसात जेमतेम 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, तर एका पेरूत 100 हून अधिक. संत्रं किंवा कच्ची ढोबळी मिरचीही चालेल. लिंबूच पिळायचं तर गॅस बंद केल्यावर पिळा. उकळीत क जीवनसत्त्व घटतं.

खरा घोळ चहाचा. जेवणासोबत घेतलेला चहा लोहाचं शोषण निम्म्याहूनही कमी करू शकतो. दोष पॉलिफेनॉलचा, त्यामुळे कोरा चहा घेऊन सुटका नाही; ‘हर्बल’ म्हणून मिरवणारा पुदिन्याचा चहाही त्यातलाच. जेवण आणि चहात किमान तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका.

कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी टाकलं आणि मोड आणले, की फायटेट बरंच घटतं.

हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या आहारावर विसंबू नका. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी, करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार असेल, तर लोहाच्या गोळ्या अपायकारक ठरू शकतात.